‘वह्या बदला’ पद्धतीचा पायथन कोर्स: बारा आठवड्यांनंतर

तीस वर्षं गणित शिकवलं. त्यातला किती वेळ शिकवण्यात गेला आणि किती वह्या तपासण्यात, याचा हिशेब मुद्दाम कधी मांडला नाही. निवृत्त झाले त्या दिवशी लाल पेनं वाटून टाकली आणि ठरवलं, आता कुणाचं काही तपासायचं नाही. वर्षभरानं प्रोग्रॅमिंग शिकायचं मनात आलं, म्हणून पायथनचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. दुसऱ्याच आठवड्यात स्क्रीनवर पाटी आली: ‘तुमच्याकडे ४ जणांचं काम तपासायला आलं आहे. मुदत ५ दिवस.’

हा कोर्स घ्यावा का, असं दोघातिघांनी विचारलं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. कोर्सचं नाव घेत नाही, कारण माझ्या तक्रारी त्या एकाच कोर्सच्या नाहीत. विद्यार्थ्यांनीच एकमेकांना गुण द्यायचे, अशी पद्धत असलेला कुठलाही प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेतलात तरी यातलं बरंचसं तुमच्या वाट्याला येईल.

आधी रचना सांगते. बारा आठवडे, नऊ गृहपाठ, प्रत्येक गृहपाठ ३० गुणांचा. त्यातले १० ‘प्रोग्रॅम बरोबर चालतो का’ याला, १० ‘वाचता येतो का’ याला आणि १० ‘चाचण्या लिहिल्या आहेत का’ याला. तुमचा गृहपाठ चार सहाध्यायांकडे जातो, तुमच्याकडे चौघांचे येतात. नावं दोन्हीकडून झाकलेली. चौघांनी दिलेल्या गुणांचा मध्यक (गुण क्रमानं लावले की मधल्या दोघांची सरासरी) म्हणजे तुमचे गुण. तुम्ही तपासलं नाहीत तर तुमच्याच गुणांतले २० टक्के कापले जातात. शिक्षक कुठेच मधे येत नाही. व्हिडिओ बरे आहेत, बोलणारा माणूस घाई करत नाही. व्हिडिओंबद्दल एवढं पुरे.

आता, शेजाऱ्याची वही तपासणं आम्हा शिक्षकांना नवं नाही. दहा मिनिटांची चाचणी घ्यायची, ‘वह्या बदला’ म्हणायचं, फळ्यावर उत्तरं लिहायची. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका आईनं याच प्रकाराविरुद्ध खटला भरला होता. तिच्या मुलांच्या शाळेत शेजारचा विद्यार्थी पेपर तपासायचा आणि गुण मोठ्यानं सांगितले जायचे. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००२ मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की यानं विद्यार्थ्यांच्या खाजगी नोंदींचा कायदा मोडत नाही. निकाल वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, कारण मीही वर्गात गुण मोठ्यानं विचारायचे. कायदा मोडत नसेल, पण कमी गुण मिळालेल्याचे कान लाल व्हायचे, ते मला दिसायचं.

फरक असा, की वर्गात मी समोर उभी असायचे. बाकावरच्या मैत्रीत दोन गुण इकडचे तिकडे झाले तरी वह्या शेवटी माझ्या टेबलावर यायच्या. इथे टेबलच नाही.

पहिला झटका दुसऱ्या गृहपाठाला बसला, आणि तो मी स्वतःच ओढवून घेतला. जमाखर्चाचा छोटा प्रोग्रॅम होता. व्हिडिओत ऐकलं की पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या खोक्याचं) नाव कुठल्याही लिपीत ठेवता येतं. मला कोण आनंद! ‘एकूण’, ‘शिल्लक’, ‘खर्च’ अशी नावं घातली. प्रोग्रॅम चालला. ‘शिल्लक’ बरोबर आली. तीस वर्षं फळ्यावर एक्स आणि वाय लिहून कंटाळलेल्या बाईला याचं किती सुख झालं असेल, ते तुम्हाला कळायचं नाही.

तपासणाऱ्या चौघांपैकी एकानं वाचनीयतेला दहापैकी दहा दिले आणि ‘ही लिपी फार सुंदर दिसते’ असं लिहिलं. बाकीच्या तिघांनी ५, ४ आणि ३. एकाचं म्हणणं होतं, ‘मला ही नावं वाचता येत नाहीत आणि माझ्या कीबोर्डवर लिहिताही येत नाहीत, मग यातली चूक मी दुरुस्त कशी करणार?’ दोन दिवस मी घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी पायथनच्या लेखनशैलीचे नियम वाचले. पेप ८ म्हणतात त्यांना, २००१ सालचे आहेत. त्यात चक्क लिहिलंय की टिपणं (कोडमध्ये वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या ओळी) इंग्रजीत लिहा. तुमची भाषा न येणारा माणूस हा कोड कधीही वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच दुसरी भाषा वापरा. इथे तर चारही वाचणारे कोण, कुठले, याचा पत्ता नव्हता. ज्यानं ३ दिले त्याचं बरोबर होतं. ज्यानं १० दिले त्यानं माझा कोड वाचलाच नव्हता, नुसता बघितला होता.

आता पाचव्या गृहपाठाबद्दल जरा सविस्तर सांगते. या कोर्सबद्दल माझं जे काही मत झालं, ते तिथेच झालं.

काम होतं बायनरी सर्च. क्रमानं लावलेल्या यादीत एक संख्या शोधायची. आधी मधली बघायची. हवी ती संख्या तिच्यापेक्षा मोठी असेल तर डावी अर्धी यादी सोडून द्यायची, लहान असेल तर उजवी. तीन व्हेरिएबल असतात: डावं टोक लो, उजवं टोक हाय आणि मधला मिड. कल्पना चौथीतल्या मुलालाही समजते, लिहायला गेलं की मोठ्यांचीही फजिती होते.

माझ्याकडे आलेल्या चारपैकी तिसरा कोड देखणा होता. नावं स्वच्छ, टिपणं नेमकी. एकच खोड होती, प्रत्येक फंक्शननंतर (फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा) तीन कोऱ्या ओळी सोडलेल्या. मी मनात त्याचं नाव ‘तीनओळीवाला’ ठेवलं. (बाई असेल तर माफ करावं, कळायला मार्ग नव्हता.) तपासणाऱ्यांसाठी कोर्सनं एक यादी दिली होती: ३, ८, १५, २१, ४०. आणि चार चाचण्या: १५ शोधा, ३ शोधा, २१ शोधा, आणि यादीत नसलेला १ शोधा. चारही उत्तरं बरोबर आली. मी दहापैकी दहा घालून पुढे जाणारच होते.

पण सवय जात नाही. मुलानं पुस्तकातलं उदाहरण सोडवून दाखवलं की त्यातला एक आकडा बदलून परत द्यायचा, ही माझी जुनी खोड. म्हणून ४० टाकून बघितलं.

काहीच झालं नाही. कर्सर लुकलुकत बसला. वाटलं, लॅपटॉप मंद झालाय. पाणी पिऊन आले, तरी तेच. कंट्रोल-सी दाबून थांबवलं, पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मग कागद घेतला.

यादीतल्या जागा शून्यापासून मोजतात, म्हणून लो ०, हाय ४. मिड २, तिथे १५. चाळीस मोठा, म्हणून यानं लिहिलं होतं: लो बरोबर मिड. म्हणजे लो झाला २. पुढे मिड ३, तिथे २१. चाळीस मोठा, लो झाला ३. आता लो ३ आणि हाय ४, बेरीज ७, निम्मे साडेतीन, अपूर्णांक सोडला की पुन्हा ३. तिथे पुन्हा २१. चाळीस पुन्हा मोठा. लो पुन्हा ३. जगबुडीपर्यंत ३. लिहायला हवं होतं ‘मिड अधिक १’. बघून झालेली जागा सोडून पुढे सरकायचं, ते राहून गेलं होतं.

मग पाचही संख्या टाकून बघितल्या. ३, १५ आणि २१ सापडतात, ८ आणि ४० ला प्रोग्रॅम अडकतो. कोर्सनं दिलेल्या चाचण्यांमध्ये नेमक्या सापडणाऱ्या तीनच संख्या होत्या. हे मुद्दाम केलेलं नसणार. चाचण्या लिहिणाऱ्यानंही बहुतेक घाईतच तीन आकडे उचलले असतील.

किती गुण द्यायचे? पायऱ्यांचे गुण देणारी बाई मी, शून्य देववेना. बरोबर चालण्याला ४, वाचनीयतेला ९, चाचण्यांना ८, एकूण २१. शेऱ्यात लिहिलं, ‘४० शोधून बघा. मग ८. लो आणि मिडच्या किमती प्रत्येक फेरीला कागदावर मांडा.’ उत्तर मुद्दामच सांगितलं नाही.

मुदत संपली की आपण तपासलेल्या कामावर बाकीच्यांनी काय लिहिलं ते दिसतं. इतर तिघांचे गुण होते २८, २९ आणि ३०. शेरे अनुक्रमे ‘छान’, ‘चालतो’ आणि नुसतं एक टिंब. शेऱ्याची चौकट रिकामी सोडता येत नाही, म्हणून टिंब. २१, २८, २९, ३० यांचा मध्यक किती? साडेअठ्ठावीस. पाचपैकी दोन संख्यांना गळफास लागणाऱ्या प्रोग्रॅमला तीसपैकी साडेअठ्ठावीस!

मध्यक का घेतात हे मला कुणी शिकवायला नको, मीच तो शिकवत आले. पाच मुलांच्या उंच्या लिहा, त्यातल्या एकाची चुकून दहा मीटर लिहा, सरासरी बिघडते, मध्यक फारसा हलत नाही. एखाद्यानं आकसानं शून्य दिलं किंवा डोळे मिटून तीस दिले, तर त्याचा त्रास होऊ नये म्हणून मध्यक. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या सुरुवातीच्या कोर्सेसमध्येही हाच नियम होता. पण मध्यकाला वेडीवाकडी किंमत आणि एकट्या माणसानं नीट बघून घातलेली किंमत यांतला फरक कळत नाही. यावेळी दहा मीटर उंचीचा मुलगा मी होते.

आता माझं स्वतःचं काय झालं तेही सांगते, नाहीतर मी फारच शहाणी वाटेन. त्याच गृहपाठात मी मिड काढताना सरळ लो आणि हायची बेरीज करून दोननं भागलं होतं. चौघांनी दिले ३०, २९, २९ आणि २७. सत्तावीसवाल्यानं तीन गुण कापून लिहिलं, ‘बेरीज ओव्हरफ्लो होईल.’ हे काय नवीन, म्हणून शोधलं, तर मोठीच गोष्ट निघाली. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या स्वतःच्या ग्रंथालयात (तयार कोडच्या संचात) बायनरी सर्च होता, त्यात हीच बेरीज होती, आणि कित्येक वर्षं ती कुणाला खटकली नव्हती. २००६ साली ती चूक जाहीर झाली. जावाचा साधा पूर्णांक २१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. यादी शंभर कोटींच्या वर गेली की लो आणि हायची बेरीज ती मर्यादा ओलांडून उणे होऊ शकते, आणि प्रोग्रॅम कोसळतो. उपाय असा, की दोन्हींची बेरीज न करता त्यांतलं अंतर निम्मं करून ते लोमध्ये मिळवायचं.

पण पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, त्याला अशी मर्यादा नाही. म्हणजे त्या माणसाचं ज्ञान माझ्यापेक्षा दांडगं, आणि माझ्या वहीवर मारलेली फुली चूक! कुणाला सांगणार? ‘आक्षेप’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की काम पाचव्या विद्यार्थ्याकडे जातं. अर्जदार विद्यार्थी, प्रतिवादी विद्यार्थी आणि न्यायाधीशही विद्यार्थीच. मी दाबलं नाही. तशीही २७, २९, २९, ३० चा मध्यक २९ येतो, त्या तीन गुणांनी माझं काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मला मध्यक फार आवडला.

गुण कापले की माणूस वाचायला लागतो, तशी मी या विषयावर वाचायला लागले. हजारो विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन वर्गात शिक्षक सगळं तपासू शकत नाही, म्हणून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१३ मध्ये कोर्सेरावरच्या एका कोर्समधल्या ६३,००० हून जास्त गुणनोंदी घेऊन बघितलं, की कोण तपासणारा नेहमी सढळ असतो, कोण कंजूष, कोणाचा हात स्थिर आणि कोणाचा लहरी. हे हिशेबात घेऊन गुण काढले तर साध्या मध्यकापेक्षा ते खऱ्याच्या जवळ जातात, असं त्यांना आढळलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की विद्यार्थी स्वतःच्या देशातल्या कामाला जरा जास्त गुण देतात. ही पद्धत निनावी असली तरी नाव न कळता आपलेपणा कळतो. माझ्या ‘शिल्लक’ला दहापैकी दहा कुठून आले असावेत, असा मग मला संशय आला. पण त्यानं ‘ही लिपी’ म्हटलं होतं, ‘आपली लिपी’ नव्हे.

तपासणाऱ्यांची आधी तालीम घ्यायची, हाही जुना उपाय. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या एका प्रणालीत विद्यार्थ्याला आधी शिक्षकांनी तपासून ठेवलेले नमुने तपासायला देत. तुमचे गुण शिक्षकांच्या गुणांशी जुळले तरच तुमच्या तपासणीला वजन. मोठ्या परीक्षांचे पेपर तपासायला बसण्याआधी आम्हालाही नमुना उत्तरपत्रिका देत, त्यावर वाद घालत, मग गठ्ठे उघडत. या कोर्समध्ये तसलं काही नाही. ज्याला लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणारा कोड) म्हणजे काय हे सोमवारी कळलं, तो शुक्रवारी दुसऱ्याच्या लूपला गुण देतो.

बाकीचे त्रास भराभर उरकते. सहाव्या गृहपाठाला माझ्याकडे आलेल्या चारपैकी दोन कोड तंतोतंत सारखे, टिपणातल्या स्पेलिंगच्या चुकीसकट. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हे ठरवण्याचं माझ्याकडे साधन नव्हतं. ‘नक्कल’चं बटण दोघांवरही दाबलं, पुढे काय झालं ते कळलं नाही. सातव्याला मला एक लांबलचक, गोडगोड शेरा आला: रचना उत्तम आहे, क्लासची विभागणी विचारपूर्वक केली आहे, त्रुटींची हाताळणी अजून सुधारता येईल. माझ्या कोडमध्ये क्लास (माहिती आणि फंक्शनं एकत्र बांधायची रचना) नव्हता. एकही नव्हता. कुणीतरी माझा गृहपाठ यंत्राला वाचायला दिला होता, किंवा तेवढेही कष्ट घेतले नव्हते. त्या शेऱ्यापेक्षा ते टिंब बरं. टिंब निदान खोटं बोलत नव्हतं.

आणि गळती. सुरुवातीला गुण तीन दिवसांत यायचे, आठव्याला अकरा दिवस लागले, कारण चौथा तपासनीस सापडेना. माणसं सोडून जातात आणि उरलेल्यांवर भार येतो. पण त्यातून एक गंमत झाली. त्याच त्याच माणसांचे कोड पुन्हा यायला लागले, आणि निनावी म्हणण्यासारखं फारसं काही उरलं नाही. एकजण प्रत्येक ‘इफ’च्या (अटीच्या ओळीच्या) आधी टिपण लिहायचा. एकीची (माझा अंदाज) फंक्शनं पाच ओळींपेक्षा मोठी कधीच नसायची. अक्षर ओळखावं तसे आम्ही एकमेकांचे कोड ओळखायला लागलो.

हे सगळं भाचीला ऐकवलं. ती पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, “मावशी, अगं ऑफिसात आम्ही दिवसभर हेच करतो. मी लिहिलेलं दुसऱ्या कुणीतरी वाचून ‘चालेल’ म्हटल्याशिवाय पुढे जातच नाही.”

“मग गुण किती देता?”

“गुण कशाला द्यायचे?”

मी गप्प झाले. मग तिनंच सांगितलं की या तपासणीला पहिल्यांदा पद्धतशीर रूप दिलं ते आयबीएममधल्या मायकेल फॅगन यांनी, १९७६ साली. चारेक माणसांनी बसायचं, एकानं कोड वाचून दाखवायचा, सापडलेल्या चुका नोंदवायच्या. आणि त्या चुकांच्या नोंदी लिहिणाऱ्याचं मूल्यमापन करायला वापरायच्या नाहीत, असं तेव्हापासून सांगत आलेत. चुका मोजून पगार ठरणार असेल तर चुका सापडणंच बंद होतं. एमआयटीतही सॉफ्टवेअरच्या एका विषयात विद्यार्थ्यांचा कोड लहान लहान तुकडे करून सहाध्यायांना आणि माजी विद्यार्थ्यांना वाचायला देत, शेरे मारून घ्यायला.

“तुझ्या त्या तिघांनी ‘छान’ का लिहिलं माहितीये?” भाची म्हणाली. “तो प्रोग्रॅम त्यांना वापरायचा नव्हता. माझ्याकडे आलेला कोड मी नीट बघितला नाही तर रात्री दोनला फोन मला येतो.”

ते खरं आहे, पण मला पूर्ण पटलं नाही. वापरायचा तर मलाही नव्हता. मी ४० टाकलं ते कुणाच्या फोनच्या भीतीनं नाही.

असो. खरेदीचा सल्ला द्यायचा तर असा. प्रमाणपत्रावरचा आकडा कुणाला दाखवण्यासाठी हा कोर्स घेत असाल तर घेऊ नका. तो आकडा म्हणजे चार अनोळखी माणसांना त्या आठवड्यात किती फुरसत होती, त्याचं माप आहे. प्रोग्रॅमिंगचा अजिबात गंध नसेल तरी एकट्यानं घेऊ नका. चुकीचा शेरा ओळखायला कुणीतरी जवळ हवं, मला भाची होती. पण थोडंफार लिहिता येत असेल आणि स्वतःच्या चुका दिसत नसतील, तर जरूर घ्या. नऊ गृहपाठांत छत्तीस कोड वाचले. एकच काम छत्तीस जणांच्या हातून कसं होतं ते बघायला मिळालं असं मात्र नाही, कामं नऊच होती. पण दर कामाच्या चार तऱ्हा आणि पाचवी माझी, हे शेजारी शेजारी ठेवून बघणं मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नसतं. तीनओळीवाल्याचा लो कागदावर मांडल्यानंतर मी माझी एकही लूप पहिली आणि शेवटची फेरी हातानं फिरवल्याशिवाय पाठवली नाही.

घेणार असाल तर दोन गोष्टी करा. दिलेल्या चाचण्या झाल्या की स्वतःची एक तरी टाका: रिकामी यादी, एकाच संख्येची यादी, पहिली संख्या, शेवटची संख्या. आणि शेऱ्यात मत लिहू नका, कृती लिहा. ‘नीट चालत नाही’ वाचून माणूस चिडतो. ‘४० टाका’ वाचून तो ४० टाकतो.

हे मी कशावरून म्हणते? नवव्या गृहपाठावरून. काम वेगळंच होतं, नावांची यादी वर्णानुक्रमे लावून त्यात शोधायचं. चारपैकी दुसरा कोड उघडला आणि फंक्शनांच्या मधे तीन कोऱ्या ओळी. चाचण्यांची फाईल उघडली. पहिलं नाव शोधा. शेवटचं नाव शोधा. यादीत नसलेलं शोधा. रिकाम्या यादीत शोधा. आणि त्याखाली जुनीच यादी, ३, ८, १५, २१, ४०, आणि पाचही संख्यांची एकेक चाचणी. या गृहपाठात तिचं काहीच काम नव्हतं. चाळीसच्या चाचणीशेजारी टिपण: ‘हे एकानं सांगितलं होतं.’

साडेअठ्ठावीस मिळाले होते त्याला. दुरुस्त करायची काही गरज नव्हती.

तारे द्यायचे तर गुणपद्धतीला पाचापैकी दीड, तपासायला मिळण्याला साडेचार, व्हिडिओंना तीन. मध्यक तीन. कोर्स चालवणाऱ्यांना मी चाळीसबद्दल पत्र पाठवलं होतं, ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं यंत्राचं उत्तर आलं. पुढच्या तुकडीच्या चाचण्या बदलल्या की नाही, बघितलेलं नाही.

या कोर्सचा दुसरा भाग गेल्या आठवड्यात सुरू झाला. नाव घातलंय. व्हेरिएबलांची नावं यावेळी इंग्रजीत. पहिल्या गृहपाठाचे चार कोड काल आले, त्यातल्या एकात फंक्शनांच्या मधे तीन कोऱ्या ओळी. पेप ८ मध्ये दोन सांगितल्यात. वाचनीयतेचा एक गुण कापला आणि तसं लिहिलंय.